कातळाचा दाब, पाण्याची वाट

बालाघाटच्या पठारावर, एका अंगास वैजनाथाची परळी आणि दुसऱ्या अंगास योगेश्वरीचे अंबेजोगाई अशा दोन क्षेत्रांच्या टापूत वसलेले धर्मापुरी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे ते तेथील चालुक्यकालीन केदारेश्वराच्या मंदिरामुळे आणि भुईकोट किल्ल्यामुळे. मंदिर पाहण्यास आलेला रसिक शिल्पाच्या रेषेत इतका गुंतून जातो, की ज्या काळ्या पाषाणात ती रेषा उतरली त्या पाषाणाची चौकशी करावी असे त्यास सहसा सुचत नाही. आणि सुचावे असे काही कारणही नाही, कारण हा पाषाण मराठवाड्यात जेथे कुदळ मारावी तेथे लागतो. परंतु ज्या शिळेची मंदिरे झाली, तट-बुरूज झाले, पाटे-वरवंटे झाले, त्याच शिळेच्या पोटात या मुलखाच्या पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याचा साठा आहे, आणि तो साठा कोणाच्या वाट्यास किती यावा हे ठरविणारे नियम महसुली दप्तरात किंवा पंचांगात सापडणारे नाहीत.

एकाच बांधाच्या अलीकडे दीडशे फुटांवर ‘दोन इंची’ पाणी लागावे आणि पलीकडे शेजाऱ्याने सहाशे फूट खोल जाऊनही यंत्रातून कोरडी भुकटीच उडत राहावी, हा प्रकार बीड जिल्ह्यात इतक्या वेळा घडतो, की त्याचे कोणास नवल उरलेले नाही; आणि नवल उरले नाही म्हणून त्याच्या कारणांची चौकशीही होत नाही. पाणाड्या तळहातावर नारळ धरून शेतातून फिरतो, नारळ उभा राहिला की तेथे खूण करतो. पाणी लागले तर पाणाड्याची विद्या खरी ठरते, बोअर ‘फेल’ गेला तर मालकाचे नशीब खोटे ठरते, आणि दोन्ही प्रसंगी खडकाची जबानी घेण्याची तसदी कोणी घेत नाही. वस्तुतः या प्रकरणातील मुख्य पक्षकार तोच आहे. पाणी ज्या भेगांतून वाहते त्या भेगा किती उघड्या राहतील हे त्या भेगांवर खडकाचा जो दाब पडतो त्यावर अवलंबून असते, आणि हा दाब वरून किती, बाजूने किती व कोणत्या दिशेने याचा हिशेब मांडल्यावाचून भूगर्भातील पाण्याविषयी केलेले कोणतेही विधान अंदाजपंचेच राहते.

प्रथम या पाषाणाची जात पाहिली पाहिजे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचातील लांबच लांब विवरांतून तप्त शिलारस पुन्हा पुन्हा बाहेर पडला, पसरला, थिजला, आणि त्या थिजलेल्या थरांवर नवे थर चढत जाऊन दख्खनचे पठार तयार झाले. आज त्याचा उरलेला विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो आणि महाराष्ट्राच्या भूमीचा सुमारे चार-पंचमांश भाग त्याने व्यापलेला आहे. पश्चिमेस सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरांच्या घरात जाते, पूर्वेकडे ती कमी होते. प्रत्येक थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो, त्या छिद्रांत पुढे झिओलाइट, गारगोटी, चुन्याचे स्फटिक भरतात. थराचा गाभा मात्र घट्ट, भरीव आणि जवळपास निश्छिद्र असतो. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे गेरूसारख्या तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. वाळूच्या थरात जसे कणाकणांमध्ये पाणी राहते तसे या गाभ्यात राहू शकत नाही. जमिनीलगतचा मुरूम सोडला, तर पाण्याला राहण्यास आणि वाहण्यास जागा उरते ती भेगांचीच: शिलारस निवताना आकुंचन पावून ज्या उभ्या चिरा पडल्या त्यांची, दोन थरांच्या आडव्या सांध्यांची, आणि पुढे भूकवचाच्या हालचालींमुळे जे तडे गेले त्यांची. जमिनीखाली नदी वाहते, तळे भरलेले आहे, अशा ज्या कल्पना गावोगाव ऐकू येतात त्या रम्य आहेत. पण या मुलखात जमिनीखाली जे आहे ते केसाएवढ्या आणि क्वचित बोटाएवढ्या फटींचे जाळे आहे, आणि त्या जाळ्यातील बहुतेक फटी एकमेकींस मिळालेल्याही नसतात.

आता अशा एका फटीतून पाणी किती वाहील? फट रुंद तितके पाणी अधिक, हे कोणीही सांगेल. परंतु किती अधिक, याचे उत्तर ऐकणारास चकित करणारे आहे. फटीच्या दोन्ही भिंती समांतर मानल्या आणि पाणी संथ वाहते असे धरले, तर प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी दुप्पट झाली तर पाणी आठपट, रुंदी निम्मी झाली तर पाणी एक-अष्टमांश. एक मिलिमीटर रुंदीची एकच भेग एक-दशांश मिलिमीटर रुंदीच्या एक हजार भेगांइतके पाणी देते. हा नियम खऱ्या दगडास कितपत लागू पडतो याची कसोटी बर्कली येथील पॉल विदरस्पून व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली, आणि १९८० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्रॅनाइट, संगमरवर आणि आपला बेसाल्ट या तिन्ही खडकांत मुद्दाम भेग पाडून, तिच्यावर क्रमाक्रमाने दाब वाढवीत, मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या चार-पाच पटींइतकी ती अरुंद होईपर्यंत त्यांनी पाणी मोजले, आणि भिंती खडबडीत असल्यामुळे येणारी थोडी तूट वजा जाता घनाचा नियम टिकतो असे त्यांना आढळले. शेजारच्या दोन बोअरांच्या नशिबात जमीन-अस्मानाचे अंतर का पडते, याचे निम्मे उत्तर या एका नियमात आहे. एका बोअरला एखादी रुंद भेग छेदून गेली असेल, दुसऱ्याला बारीक भेगा पन्नास लागल्या असतील, तरी पहिला वाहत राहील आणि दुसरा कोरडा म्हणून बुजविला जाईल.

उरलेले निम्मे उत्तर दाबाचे आहे, आणि येथेच विषयाची खरी गोडी आहे. भेगेच्या दोन भिंती एकमेकींवर सर्वांगाने टेकलेल्या नसतात. उंचवटे उंचवट्यांस भिडलेले असतात आणि मधल्या खोलगटांतून पाणी वाट काढते. टाकी लावून आणलेल्या नव्या जात्याची वरची तळी खालच्या तळीवर ठेवली, की दाणा शिरण्यास जी जागा उरते तिचा प्रकार असाच. आणि दाण्याच्या जागी पाणी कल्पिले व वरच्या तळीवर शेकडो टनांचा भार कल्पिला, म्हणजे धर्मापुरीच्या शेतातील दोनशे फुटांखालील आडव्या सांध्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. भार वाढला की उंचवटे दबतात, काही चुरडतात, टेकणाऱ्या जागा वाढतात, खोलगट उथळ होतात. मात्र हे दबणे भाराच्या सम प्रमाणात होत नाही. स्टॅव्हरोस बँडिस, निक बार्टन आदींनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालेत स्पष्ट दिसले, की प्रारंभीच्या थोड्या भाराने भेग झपाट्याने मिटते आणि पुढे कितीही भार चढविला तरी फारशी मिटत नाही. म्हणजे भेगेच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक टप्पा हा अल्प दाबाचा, अर्थात अल्प खोलीचा आहे. विहिरी आणि बोअर ज्या काही शे फुटांत खोदले जातात तो हाच टप्पा होय.

थोडे गणित करण्यास हरकत नाही. घट्ट बेसाल्टचे वजन दर घनमीटरास सुमारे २.९ टन भरते. २०० मीटर, म्हणजे साधारण ६५० फूट खोलीवरील आडव्या भेगेच्या प्रत्येक चौरस मीटरवर वरच्या खडकाचा ५८० टन भार पडतो. भेग पाण्याने भरलेली असेल आणि ते पाणी वरपर्यंत सलग असेल, तर पाण्याचा स्तंभ त्याच चौरस मीटरवर २०० टन जोराने भिंती परस्परांपासून दूर ढकलीत असतो. म्हणून दगडाने दगडावर प्रत्यक्ष टाकलेला भार ५८० नसून ३८० टनच असतो. वजाबाकीचा हा नियम कार्ल तेर्झागी यांनी इस्तंबूल येथे अध्यापन करीत असताना चिकणमातीवरील प्रयोगांतून काढला आणि १९२५ साली आपल्या ग्रंथात मांडला. माती असो वा फत्तर, भूगर्भशास्त्राचे आणि स्थापत्याचे निम्मे शास्त्र आज त्यावर उभे आहे. आता उन्हाळाभर चारी बाजूंनी मोटारी चालून त्या ठिकाणी पाण्याची पातळी १५० मीटर खाली गेली असे समजा. पाण्याचा आधार ५० टनांवर आला, आणि दगडावरचा भार ३८० वरून ५३० टनांवर, म्हणजे जवळपास चाळीस टक्क्यांनी वाढला. खडक तसूभरही हललेला नाही, वर कोणी डोंगर आणून ठेवलेला नाही. केवळ पाणी उपसल्याने भेगेवरचा भार वाढला आणि ती आणखी मिटली.

या हिशेबाचा व्यावहारिक अर्थ असा, की भेगेतील पाणी हे केवळ तिच्यातून जाणारा वाटसरू नसून त्या भेगेस उघडे धरणारा टेकू आहे. पाणी काढून घेताना आपण त्या पाण्याची वाटही अरुंद करीत असतो. अतिरेकी उपशानंतर बोअरची आवक पातळीच्या मानाने अधिक वेगाने का खालावते, याची कारणे अनेक आहेत, आणि वरचे सच्छिद्र थर रिते होणे हे त्यांत पहिले आहे. ताठ बेसाल्टात भेग मिटण्याचा वाटा नेहमीच मोठा असतो असा दावा करणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु मुळात अरुंद असलेल्या भेगेस घनाचा नियम लागू होतो हे विसरता कामा नये. तेथे रुंदीत झालेली थोडीशी घटही आवकेत मोठी दिसते. पावसाळ्यात पाणी परत आले की भेग पुष्कळशी पूर्ववत उघडते, पण चुरडलेले उंचवटे पुन्हा उगवत नाहीत आणि मध्यंतरी भेगेत साचलेली बारीक माती आपणहून निघत नाही.

आतापर्यंत वरून येणाऱ्या भाराचाच विचार केला. भूकवचात बाजूनेही दाब असतो, आणि द्वीपकल्पात तो अनेक ठिकाणी वरच्या भारापेक्षा अधिक आहे. भारताचे भूखंड उत्तरेस सरकत जाऊन आशियाच्या भूखंडास रेटीत आहे. हिमालय हा त्या रेट्याचा डोळ्यांना दिसणारा परिणाम, परंतु रेटा केवळ हिमालयापाशी थांबत नाही, तो मागे दक्षिणेपर्यंत खडकांत भरून राहिलेला आहे. द्वीपकल्पाच्या बऱ्याच भागात आडव्या दाबाचा सर्वांत मोठा जोर स्थूलमानाने उत्तर ते ईशान्य या रोखाने असल्याचे मापनांवरून दिसते. मराठवाड्यास या अदृश्य रेट्याची ओळख झाली ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. धर्मापुरीपासून दक्षिणेस शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या किल्लारी आणि आसपासच्या गावांत त्या पहाटे हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तोवर हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक मानला जात असे. भूकंपलेखांवरून निष्पन्न झाले, की तेथे एका कललेल्या तड्यावरून वरचा खडक खालच्यावर चढला होता, आणि असे चढणे बाजूचा दाब वरच्या भारापेक्षा जास्त असल्यावाचून संभवत नाही. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल वेध घेतला. ३३८ मीटरांवर काळ्या पाषाणाचे थर संपले, आठ मीटर जाडीचा जुना गाळ लागला आणि त्याखाली कोट्यवधी वर्षे जुना ग्रॅनाइट-नाइसचा पाया लागला. मराठवाड्याच्या या भागात ज्यास आपण अथांग पाषाण समजत होतो त्याचा तळ असा मोजला गेला.

या आडव्या दाबाचा पाण्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की भेग कोणत्या दिशेस पसरली आहे यावर तिच्या वाट्यास कोणता दाब यावा हे ठरते. थराथरांमधील आडव्या सांध्यांवर वरच्या खडकाचा भार पडतो. उभ्या चिरांवर बाजूचा रेटा पडतो. उभ्या चिरांतही भेद आहेच. रेटा ईशान्येचा असेल तर ज्या चिरा त्या रोखाला आडव्या, म्हणजे वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेल्या आहेत, त्या मिटल्या जातात. ज्या रेट्याच्याच रोखाने गेलेल्या आहेत त्यांच्या भिंतींवर कमी दाब येतो आणि त्या तुलनेने उघड्या राहतात. उपग्रहाच्या छायाचित्रांत नाल्यांच्या आणि टेकड्यांच्या ज्या सरळ रेषा दिसतात त्या भूजलशास्त्रज्ञ मोठ्या आस्थेने आखतात, कारण अशा रेषेखाली तडा असण्याचा संभव असतो. परंतु तडा असणे आणि तो पाणी देणारा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि रेषांच्या दिशेचा विचार न करता त्यांच्या नुसत्या संख्येवर विसंबणे हे प्रस्तुत लेखकास पाणाड्याच्या नारळाहून फारसे पुढचे पाऊल वाटत नाही. अर्थात जमिनीलगत शंभर-दोनशे फुटांत ऊन-पावसाने झालेली झीज आणि नदी-ओढ्यांनी वरचा भार कापून नेल्याने आलेला सैलपणा इतका असतो, की तेथे खोलवरच्या रेट्याची सत्ता चालेलच असे नाही. जसजसे खाली जावे तसतशी ती चालू लागते.

खोलीबरोबर सगळ्याच भेगा मिटत असतील तर हजारो फूट खाली पाणी सापडते तरी कसे, अशी शंका येथे रास्त आहे. तिचे एक उत्तर १९९५ साली कॉलीन बार्टन, मार्क झोबॅक आणि डॅनियल मूस या अमेरिकन संशोधकांनी दिले. पश्चिम अमेरिकेतील तीन खोल वेधांतील भेगा एकेक करून तपासल्यावर त्यांना दिसले, की पाणी वाहून नेणाऱ्या भेगा बहुतेक करून अशा दिशेच्या होत्या, ज्यांच्या भिंती त्या ठिकाणच्या दाबामुळे एकमेकींवरून घसरण्याच्या बेतात होत्या. ज्यांवर घसरण्याचा ताण नव्हता त्या भेगा पुष्कळ असूनही मुक्या होत्या. कारण कळण्यास कठीण नाही. खडबडीत भिंत किंचितही सरकली की उंचवटा उंचवट्यावर चढतो, समोरच्या खाचेत बसत नाही, आणि सरळ दाबाने जी भेग पुरती मिटली असती ती अशा बेमेळामुळे उघडी अडकून राहते. पाण्यातून साका बसून भेग बुजण्याची जी प्रक्रिया शतकानुशतके चालू असते तीही अशा सरकण्याने मोडली जाते. सर्वच खडकांत सर्व खोलींवर हा नियम तितकाच चालतो असे नाही, त्यावर वाद आहेत. तरी खोल भेगेचे पाणी नशिबावर सोपविण्याऐवजी तिच्या दिशेवर आणि ताणावर सोपविणारा हा विचार फार महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात या विचाराचा एक घरगुती उपयोग पुष्कळ वर्षांपासून होत आला आहे, जरी तो करणारांनी त्यास असे भारदस्त नाव दिले नसेल. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा कमी पाणी देणाऱ्या विंधन विहिरींवर जे उपाय करते त्यांत जलभंजन हा एक आहे. बोअरमध्ये रबरी अडसर उतरवून, त्याखालच्या बंदिस्त भागात यंत्राने मोठ्या दाबाने पाणी कोंबतात. दगडावरचा भार आणि भेगेतील पाण्याचा दाब यांची जी वजाबाकी वर सांगितली ती येथे मनुष्याच्या हाताने उलट बाजूस नेली जाते; मिटलेल्या भेगा उघडतात, त्यांतील माती व साका धुऊन निघतो, आणि आसपासच्या मोठ्या भेगांशी त्यांचा सांधा जुळतो. दाब सोडल्यावर भेगा पुन्हा मिटू पाहतात, परंतु भिंती किंचित सरकलेल्या असल्या तर पूर्ण मिटत नाहीत, आणि हातपंपाला पुरेल इतके पाणी येत राहते. उपाय उपयुक्त आहे, पण तो नवे पाणी निर्माण करीत नाही. जवळपास पाण्याचा साठा असेल तर तिथवरची वाट तो मोकळी करतो; साठाच नसेल तर वाट उघडून काय होणार?

येथवर दगडाने पाण्याचे काय केले ते पाहिले. पाणी दगडाचे काय करते हेही याच नियमाचे दुसरे टोक आहे. अमेरिकेतील डेन्व्हरजवळ लष्करी कारखान्याचे दूषित पाणी ३६०० मीटरांहून खोल विहिरीत १९६२ पासून दाबाने सोडले जाऊ लागले आणि ज्या भागात भूकंप फारसे ठाऊक नव्हते तेथे ते वारंवार होऊ लागले. कोलोरॅडोतीलच रेंजली या तेलक्षेत्रात शासकीय भूवैज्ञानिकांनी पुढे मुद्दाम प्रयोग केला. पाण्याचा दाब वाढविला की धक्के वाढत, उतरविला की थांबत. भेगेच्या भिंतींना एकमेकींवर घट्ट धरून ठेवणारा भार पाण्याने हलका केला की ताणलेला तडा घसरतो, एवढेच त्याचे इंगित.

आपल्याकडे याची साक्ष कोयनेने दिली आहे. तेथील धरणाचा जलाशय शिवाजीसागर १९६२ पासून भरू लागला, परिसरात धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ प्रतीचा भूकंप झाला. जलाशयाशी निगडित भूकंपांचे जगभरच्या ग्रंथांत दिले जाणारे पहिले उदाहरण आजही कोयनेचेच असते. १०३ मीटर उंचीच्या धरणामागील पाण्याचा दाब चौरस मीटरास शंभर टनांच्या आसपास; पाच किलोमीटर खोलीवरच्या खडकावरील भार त्याच्या सव्वाशे पटींहूनही अधिक. इतक्या अल्प वाढीने एवढा तडा घसरावा याचा अर्थ तो आधीच घसरण्याच्या सीमेवर उभा होता. राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने कोयना-वारणा भागात एकवीस निरीक्षण-विहिरी खोदल्या. त्यांतील काहींची पातळी चंद्र-सूर्याच्या आकर्षणाने भूकवचात जे सूक्ष्म आंदोलन होते त्याबरोबर वरखाली होताना दिसली, आणि काही भूकंपांच्या वेळी ती काही सेंटीमीटरांनी बदललेली नोंदली गेली. समुद्रास भरती येते हे आपण जाणतो. सह्याद्रीच्या पोटातील भेगांनाही ती येते हे या नोंदींनी दाखविले. पुढे केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने कराड येथे प्रयोगशाळा उभारून गोठणे येथे तीन किलोमीटर खोल वेध घेतला. सुमारे सव्वा किलोमीटरांवर काळा पाषाण संपून ग्रॅनाइट लागला. खडकातील दाब आणि भेगांतील पाणी ही दोन्ही जेथे एकत्र मोजता येतील असे हे देशातील दुर्मिळ ठिकाण आहे.

मराठवाड्याच्या पाण्याच्या व्यवहारात या ज्ञानाचा शिरकाव फारसा झालेला नाही. मांजरा धरण, जे बीड जिल्ह्यातच धनेगावी आहे, ते आटल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी न्यावे लागले, हे अलीकडचेच वर्तमान आहे. अशा वर्षी गावोगाव एकच तजवीज होते, ती म्हणजे बोअर आणखी खोल नेणे. वर आटले तर खाली असेलच, हा त्यामागील तर्क. आणि वर सांगितलेला सर्व हिशेब या तर्काच्या विरुद्ध जातो. खाली जाताना भार वाढतो, भेगा अरुंद होतात, त्यांचे परस्परांशी नाते तुटते. क्वचित एखादी रुंद भेग लागते, परंतु तिच्यात पावसाचे पाणी पोहोचण्यास लागणारा काळ मोठा असल्याने ती एकदा रिकामी झाली की लवकर भरत नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ या कायद्याने शेती व उद्योगासाठी ६० मीटरांहून खोल विहिरी घेण्यास मनाई केली ती उगीच नव्हे. तिचा अंमल किती होतो हे रात्रीच्या वेळी पठारावर फिरणाऱ्या बोअरच्या गाड्या सांगतील. उलट बीड शहराजवळची निजामशाहीकालीन खजाना बावडी फार खोल नसून शतकानुशतके भूमिगत पाटाने शेतांस पाणी पुरवीत आली आहे. तिच्या कर्त्यास तेर्झागीचा नियम ठाऊक नव्हता, पण पाणी कोणत्या थरातून आडवे येते हे मात्र त्याने बरोबर हेरले होते.

खडकाचा दाब मोजण्याची यंत्रे ग्रामपंचायतीजवळ असणार नाहीत आणि असावीत अशी अपेक्षाही नाही. परंतु त्या दाबाचा परिणाम बोअर घेताना दरवेळी डोळ्यांपुढे उघड होत असतो: पहिली ओल कोणत्या फुटावर आली, तांबडा थर कोठे लागला, पाणी कोणत्या फुटांवर किती इंचांनी वाढले, आणि कोणत्या फुटानंतर कितीही खोदले तरी वाढलेच नाही. या चार गोष्टी आज बोअरच्या गाडीबरोबर गावाबाहेर निघून जातात. धर्मापुरीसारख्या प्रत्येक गावाने त्या ग्रामपंचायतीच्या दप्तरी गट नंबरासह नोंदवून ठेवाव्यात. लागलेल्या बोअरच्या ठेवाव्यात आणि फेल गेलेल्या बोअरच्या तर अवश्य ठेवाव्यात.